नदीचं मूळ विचारायलाच हवं

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकमध्ये आरोग्याशी संबंधित काही ना काही शिकणारी मुलं-मुली पुष्कळ आहेत. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, नर्सिंग आणि आयुर्वेदाची कॉलेजं आहेत, आहारशास्त्र घेतलेल्या मुली आहेत. आजचं बोलणं संशोधनाचे संदर्भ कसे शोधायचे आणि कसे तपासायचे याबद्दल, मुख्यतः त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्या घरात अशी एखादी मुलगी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडून ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, पूर्ण करत बसलेली असते, त्या आई-वडिलांसाठीही.

एक साधा प्रश्न घेऊ. नागलीत कॅल्शियम किती? नागली म्हणजे आपल्या पेठ-सुरगाण्याकडचं धान्य, बाकीचा महाराष्ट्र जिला नाचणी म्हणतो ती. इंटरनेटवर शोधलंत तर शंभर ग्रॅममागे कुठे ३४४ मिलिग्रॅम दिसेल, कुठे ३६४. मुलं काय करतात? जो आकडा आधी दिसला तो उचलतात आणि संदर्भ म्हणून कुठल्यातरी पीठ विकणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता देतात. गंमत अशी, की दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही एकाच घरचे आहेत: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे. ३४४ हा जुन्या तक्त्यातला. ३६४ हा २०१७च्या ‘इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स’मधला. त्यासाठी देशाचे सहा विभाग पाडून नमुने गोळा केले आणि ५२८ खाद्यपदार्थ तपासले. आकड्याशेजारी अधिक-उणे चिन्ह लावून नमुन्यांमधला फरकही दिला आहे, कारण सगळीकडची नागली सारखी नसते.

आणखी एक गोष्ट. हा आकडा कच्च्या धान्याचा आहे, भाकरीचा नाही. पिठात पाणी पडलं की शंभर ग्रॅम भाकरीत शंभर ग्रॅम पीठ उरत नाही. ज्याने मूळ तक्ता उघडलाच नाही, तो भाकरीला ३६४ लावून मोकळा होतो, आणि त्याचा सगळा आहारतक्ता तिथेच फसतो.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आपण नाशिककर तसे हट्टी. गोदावरी कुठून निघते ते बघायला ब्रह्मगिरी चढून जातो. संशोधनाचा संदर्भ शोधताना हाच हट्ट हवा. रामकुंडावर थांबून चालणार नाही.

पालकाच्या भाजीची गोष्ट तुम्ही वर्गात ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह चुकलं, पालकातलं लोह दहापट दिसलं, आणि जगभर पालकाचा उदोउदो झाला. ऐकायला फार छान. १९८१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका लेखात ती आली, लेखकाने आधार काही दिला नव्हता, आणि पुढे तीस वर्षं पेपरांवर पेपर, म्हणजे शोधनिबंध, तिचा दाखला देत राहिले. २०१०मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने मूळ शोधायचं ठरवलं. त्या दशांशचिन्हाचा पुरावा कुठेच मिळाला नाही. मग २०१४मध्ये नॉर्वेच्या ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी एक अख्खा लेख लिहून दाखवलं, की अशा दंतकथा शिकल्यासवरल्या लोकांमध्ये पसरतात त्या एकमेकांचे संदर्भ न वाचता उतरवल्यामुळे. म्हणजे चूक उघडी पाडणारी गोष्टच बिनबुडाची निघाली! पालकातलं लोह शरीराला फारसं लागत नाही हे मात्र खरं आहे, त्याची कारणं वेगळी.

बरं, मूळ पेपर सापडला म्हणजे झालं का? नाही. २०१५मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने दोन जर्मन पत्रकारांसोबत मुद्दाम एक प्रयोग केला. तीन गट केले, त्यातल्या एकाला कमी कर्बोदकांच्या आहारासोबत रोज डार्क चॉकलेट दिलं. माणसं किती? शेवटी उरली १५. कालावधी तीन आठवडे. मोजलं काय? वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा तब्बल १८ गोष्टी. इतक्या थोड्या माणसांवर इतक्या गोष्टी मोजल्या, की एखादी तरी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता साधारण ६० टक्के असते. निघाली. चॉकलेटने वजन लवकर उतरतं! सहाशे युरो भरून पेपर एका जर्नलमध्ये छापून आणला, आणि जर्मनीच्या ‘बिल्ड’ या मोठ्या दैनिकाने बातमी केली. किती माणसांवर प्रयोग केला, एवढं जरी कोणी विचारलं असतं तरी बिंग फुटलं असतं.

म्हणून मी मुलांना सांगते, पेपर हातात आला की सारांश वाचून थांबू नका, आधी तक्ता क्रमांक एक बघा. माणसं किती, वय काय, कुठली. मग एकदम शेवटच्या पानावर जा आणि पैसे कोणी दिले ते वाचा. १९६७मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी साखर आणि हृदयविकारावर एक आढावा लिहिला होता, त्यात सगळा दोष चरबीवर गेला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे मोजले होते, हे २०१६मध्ये जुनी कागदपत्रं तपासताना बाहेर आलं.

आता शोधायचं कुठे? पहिला मुक्काम पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सेवा १९९७पासून सगळ्यांना फुकट आहे. तिथे नुसतं ‘मिलेट’ टाकलंत तर हजारो पेपर अंगावर येतील. ‘फिंगर मिलेट’ हे दोन शब्द अवतरणचिन्हांत टाका, मध्ये ‘ऑर’ लिहून ‘रागी’ द्या, पुन्हा ‘ऑर’ लिहून शास्त्रीय नाव ‘एल्युसिन कोराकाना’ द्या. हे सगळं कंसात. मग ‘अँड’ लिहून तुमचा मुद्दा, समजा ‘कॅल्शियम’. ढीग एकदम आटोक्यात येतो. डावीकडे ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’वर (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि ‘फ्री फुल टेक्स्ट’वर (पूर्ण पेपर फुकट) खूण करा. उपचारांबद्दलचा प्रश्न असेल तर असेच आढावे ठेवणारी कॉक्रेन लायब्ररी. भारतात माणसांवर चाललेल्या वैद्यकीय चाचण्यांसाठी सीटीआरआय ही सरकारी नोंदवही, २००७पासूनची. अभ्यास सुरू करताना काय मोजायचं ठरलं होतं आणि छापलं काय, हे तिथे पडताळता येतं.

पेपर मागे घेतला गेला आहे का, हेही बघा. भूमध्यसागरी आहारावरचा स्पेनचा प्रसिद्ध ‘प्रेडिमेड’ अभ्यास २०१३मध्ये छापला गेला, माणसं गटांत वाटण्यात गडबड आढळल्यामुळे २०१८मध्ये मागे घेतला गेला आणि दुरुस्त करून पुन्हा छापला गेला. पबमेडवर त्या नोंदीला तसा शिक्का आहे. तरी जुना संदर्भ देणारे प्रबंध अजून येतात.

आपल्या भागाची आकडेवारी हवी असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के होतं. नाशिक जिल्ह्याचं वेगळं पत्रकही आहे. पण जिल्ह्याचा आकडा सुरगाणा तालुक्याला चिकटवू नका. नाशिक शहर आणि सुरगाणा यांची सरासरी ही दोघांपैकी कोणाचीच नसते.

चॅटबॉटबद्दल विचाराल तर, अवघड परिच्छेद समजून घ्यायला वापरा, संदर्भ मागायला नको. लेखकाचं नाव, जर्नल, वर्ष सगळं व्यवस्थित देऊन अस्तित्वातच नसलेला पेपर ते हातात ठेवतं. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळखक्रमांक, ब्राउझरमध्ये टाकून पेपर खरंच उघडतो का बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. सरकारी कॉलेजात असाल तर ग्रंथपालांकडे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची चौकशी करा, २०२५पासून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं त्यात खुली झाली आहेत. खासगी कॉलेजातल्यांनी पूर्ण पेपर फुकट देणारं पबमेड सेंट्रल आणि प्रबंधांसाठी शोधगंगा धुंडाळावी. तिथेही नाही मिळालं, तर पेपरच्या पहिल्या पानावर लेखकाचा ई-मेल असतो. दोन ओळी लिहा: मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, अमुक विषयावर काम करते, आपल्या पेपरची प्रत मिळेल का. आपलं काम कोणी वाचतंय याचा लेखकाला आनंदच होतो. फक्त विषयाच्या रकान्यात ‘अर्जंट’ लिहू नका, सबमिशन परवा आहे यात त्यांचा काही दोष नाही.