पहिला चौरस मीटर

नमस्कार. माल उतरवलेलं जहाज हलकं होतं, पाण्यावर उंच येतं आणि भर समुद्रात ते धोक्याचं असतं. म्हणून माल उतरवतानाच त्याच्या टाक्यांत बंदरातलं पाणी भरून घेतात. हे बॅलास्टचं पाणी. पुढच्या बंदरात माल चढवायला लागले की ते सोडून देतात. दिसायला नुसतं गढूळ पाणी, पण त्यात खेकड्यांच्या नि शिंपल्यांच्या सूक्ष्म अळ्या असतात, माशांची अंडी असतात, शैवालाचे बीजाणू असतात. यातले बहुतेक जीव वाटेत किंवा पोहोचल्यावर मरतात. एखाद्याला मात्र नवी जागा मानवते, आणि त्याला खाणारं तिथे कुणी नसतं.

काळ्या समुद्राचं उदाहरण घ्या. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरची म्नेमिओप्सिस तिथे आली, बहुधा बॅलास्टमधूनच. जेलीफिशसारखी दिसणारी, काचेसारखी आरपार, जेमतेम तळहाताएवढी. अंगावर बारीक केसांच्या रांगा असतात, त्या हलल्या की इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात. दंश नाही. हातात धरू पाहाल तर बोटांमधून निसटते. एकाच जीवात नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे एकटी पोहोचली तरी तिला अंडी घालता येतात. ती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाते; ते अँचोव्ही या छोट्या माशाचंच अन्न, आणि शिवाय त्याची अंडी आणि पिल्लंही. दशक संपेपर्यंत काळा समुद्र तिने भरून गेला आणि अँचोव्हीची मासेमारी कोसळली. सगळा दोष तिचा नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. बेसुमार मासेमारीने तिचे स्पर्धक आधीच कमी झाले होते, नद्यांमधून येणाऱ्या खतांच्या अंशाने प्लवक माजलं होतं. पाहुणीला घर आपणच रिकामं करून दिलं होतं. 1997 मध्ये तिला खाणारी, तिच्याच जातकुळीतली बेरोई तिथे आढळली, तीही बाहेरूनच आलेली, आणि मग परिस्थिती सुधारू लागली. पण ही योजना कुणी आखलेली नव्हती. असं काही पुन्हा घडेल म्हणून वाट बघत बसता येत नाही.

आता मला ज्यासाठी आज बोलायचं होतं, तिथे येतो. 1984 मध्ये भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खाली, समुद्राच्या तळाशी कॉलर्पा नावाचं हिरवंगार शैवाल दिसलं. मत्स्यालयांच्या टाक्यांत शोभेला लावायचं ते. जागा किती व्यापली होती? सुमारे एक चौरस मीटर. आपण जमिनीवर सतरंजी अंथरतो, त्याहूनही कमी. एखाद्या पाणबुड्याला एका दिवसात ते उपटता आलं असतं. कुणी उपटलं नाही. 1989 पर्यंत ते साधारण एक हेक्टर झालं. नांगराला अडकलेला एवढासा तुकडाही नव्या जागी रुजतो, त्यामुळे होड्यांबरोबर ते पसरत गेलं. पुढे हजारो हेक्टर झाले, आणि मग काढून टाकण्याचा विषयच संपला.

तेच शैवाल 2000 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात दिसलं. तिथल्या लोकांना मोनॅकोची हकीकत ठाऊक होती. त्यांनी लगेच त्या भागावर ताडपत्र्या अंथरल्या, कडा दाबून बंद केल्या आणि आत क्लोरीन सोडलं. 2006 मध्ये ते निर्मूल झाल्याचं जाहीर झालं. खर्च आला 70 लाख डॉलरच्या वर. महाग वाटतं? मोनॅकोजवळ पसरलेलं शैवाल मात्र कितीही पैसे देऊन काढता आलं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये 1999 साली काळ्या पट्ट्यांचे छोटे शिंपले नौकातळांत, म्हणजे होड्या उभ्या करायच्या बंदिस्त जागांत सापडले. काही महिन्यांपूर्वीच्या पाहणीत ते नव्हते, आणि आता होड्यांच्या बुडांवर, दोरांवर, खांबांवर त्यांचे थर बसलेले. भरती-ओहोटी मोठी असल्याने तिथल्या नौकातळांना बंद करता येणारे दरवाजे होते, हे भाग्य. दरवाजे लावून घेतले आणि तीन नौकातळांच्या पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं. आतलं सगळंच मेलं, नको ते आणि हवं तेही. हा निर्णय घेणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, कारण तो सोपा नव्हता. महिन्याभरात शिंपले संपले.

कुणी म्हणेल, काही पाहुणे पैसाही देतात. खरं आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात मुद्दाम सोडलेला लाल किंग क्रॅब आज नॉर्वेच्या कोळ्यांना चांगली कमाई करून देतो. म्हणून 26 अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला नॉर्वे कोटा ठरवून त्याला राखतो, आणि पश्चिमेला तो पसरू नये म्हणून हवा तेवढा पकडू देतो. एकच खेकडा, रेषेच्या एका बाजूला ठेव आणि दुसऱ्या बाजूला संकट!

सगळीकडे मात्र कमाई होत नाही. इटलीत अमेरिकी निळा खेकडा अनेक दशकं तुरळक दिसत होता. 2023 मध्ये पो नदीच्या मुखाशी त्याची संख्या इतकी वाढली की शेतीसारखे जोपासलेले शिंपले त्याने फस्त केले. खेकडे पकडण्यासाठी आणि विल्हेवाटीसाठी सरकारने 29 लाख युरो दिले. बुडाली ती शिंपले पाळणाऱ्या कुटुंबांची मेहनत. ज्यांच्या वाहतुकीतून असे जीव फिरतात, त्यांच्या हिशेबात हा खर्च कुठेच येत नाही. माझा खरा आक्षेप हा आहे.

बॅलास्टसाठी आंतरराष्ट्रीय करार 2004 मध्ये झाला आणि अंमलात यायला 2017 उजाडलं. सोडलेल्या पाण्याच्या एका घनमीटरमध्ये 50 मायक्रोमीटर (म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत, इतका तो काटेकोर आहे. पण जहाजाच्या बुडाला चिकटून येणाऱ्या जिवांसाठीची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं ऐच्छिक होती, आणि 2023 मध्ये सुधारली तेव्हाही ऐच्छिकच राहिली. डार्विनचे ते शिंपले बहुधा बुडालाच चिकटून आले होते.