कोपराचं दुखणं सुरू होतं पायापासून

(खानापूर इथं पालक आणि क्रीडाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, आपल्या भागात बेसबॉल शाळांच्या स्पर्धांपुरताच. मग पिचरच्या, म्हणजे बेसबॉलमध्ये बॅट्समनकडे चेंडू फेकणाऱ्याच्या, कोपराची चर्चा इथं कशाला? कारण बाउंड्रीवरून थेट कीपरच्या हातात थ्रो टाकणारी पोरं बेळगाव, खानापूर, निपाणीत गल्लोगल्ली आहेत, आणि फेकण्यानं कोपराचं काय होतं हे सगळ्यांत बारकाईनं बेसबॉलवाल्यांनी मोजलंय.

उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागतं, त्यावर डाव्या हाताचं बोट ठेवा. तिथून खाली एक चिवट अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, जातो. पिचरचा पुढचा पाय टेकतो, छाती समोर वळते, हात मात्र अजून मागेच असतो, तळवा आभाळाकडे. नेमकं तेव्हा कोपर आतल्या बाजूनं उघडायला बघतं. प्रौढ पिचरमध्ये या क्षणी सुमारे ६४ न्यूटन-मीटर पीळ मोजला गेलाय. मृतदेहांच्या कोपरांवरच्या प्रयोगांत नुसता अस्थिबंध याच्या साधारण निम्म्यावरच तुटला. उरलेला भार बऱ्याच अंशी कोपराखालचे स्नायू उचलतात. ते थकले, की सगळं त्या अस्थिबंधावर येतं.

गोफण मारणारा शेतकरी पाय रोवतो, कंबरेतून फिरतो, हात शेवटी येतो. फेकीचंही तसंच. पाय टेकायच्या आधीच छाती उघडली, तर कोपरावरचा पीळ वाढतो. म्हणून सर, पोरगं फेकताना त्याच्या हाताकडे नंतर बघा, आधी पाय बघा.

१९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचा तुटलेला अस्थिबंध दुसऱ्या हातातला स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घालून नव्यानं बांधला. तो १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. ही गोष्ट पालकांना सांगताना मला काळजी वाटते. ऑपरेशन केलं की झालं, असा समज होतो. बारा वर्षांच्या पोराचं दुखणं वेगळं असतं. त्याचा अस्थिबंध सहसा टिकतो, पण तो जिथं चिकटलाय तिथली हाडाची वाढती कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ भाग, कच्ची असते. ओढ बसते ती तिथं.

अमेरिकेत अकरा-बारा वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा सुचवली आहे, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे रविवारी एकच पोरगा दोन-दोन मॅच खेळतो. थ्रो कोण मोजतं? स्कोअररच्या शेजारी एक मूल बसवा, वहीत रेघा मारू दे.

आणि कोपर आतून दुखतंय, हात पूर्ण सरळ होत नाही, असं पोरगं म्हणालं, तर तेल चोळून, क्रेप बँडेज गुंडाळून त्याला मैदानात उतरवू नका. फायनल असली तरी. फेकणं बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे काढायचा झाला तर दोन्ही कोपरांचा काढावा का, हेही विचारा. वाढीची रेघ, म्हणजे त्या कच्च्या कूर्चेची एक्स-रेत दिसणारी रेघ, दोन्हीकडे सारखी आहे का, ते ताडून बघता येतं.