गवा म्हणतो वाघ भित्रा आहे

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली पावसाळी सकाळ. मराठी प्राथमिक शाळेच्या फळ्यावर बाईंनी एकच ओळ लिहिली आहे. मुद्दाम, एकही विरामचिन्ह न देता.

गवा म्हणतो वाघ भित्रा आहे

भित्रा कोण? "वाघ!" पहिल्या बाकावरून. मागून कुणीतरी हळूच, "टीचर, गवा?"

दोघंही बरोबर. गवा म्हणतो, "वाघ भित्रा आहे." किंवा, "गवा," म्हणतो वाघ, "भित्रा आहे." शब्द तेच, क्रमही तोच. गवा गोव्याचा राज्यप्राणी, आणि इथल्या काजूच्या बागायतींतला आगंतुक पाहुणाही. त्याला भित्रा म्हटलेलं वर्गाला रुचत नाही.

बाई 'गवा' पुसून 'म्हैस' लिहितात. म्हैस म्हणते वाघ भित्रा आहे. आता घोटाळाच उरत नाही. 'म्हणते' म्हणजे बोलणारी म्हैस, 'भित्रा' म्हणजे वाघ. स्वल्पविरामाचं काम लिंगानं केलं. तशी ही चिन्हं मराठीत नवीच. इंग्रज कोशकार मेजर कँडी यांची विरामचिन्हांवरची पुस्तिका १८५०ची. जुनी मोडी पत्रं तर दोन शब्दांत जागाही न सोडता लिहिलेली. वाचणाऱ्यांचं अडत नव्हतं, ते का, हे या म्हशीवरून थोडं कळतं.

आता वह्या. 'रानात वाग आहे.' 'घोडो धावतो.' लाल शाई उचलण्याआधी थांबायला हवं, कारण घरच्या कोंकणीत वाघ हा 'वाग'च आणि घोडा 'घोडो'च. अनेकवचनात मात्र दोन्हीकडे 'घोडे', तिथे कुणी चुकत नाही.

खरी गंमत बेडकाची. 'मी बेडूकला पाहिले.' हवं 'बेडकाला'. प्रत्यय लागला की मधला दीर्घ ई किंवा ऊ गळतो, मुंगूस, मुंगसाला. उंदीर, उंदराला. यातलं 'उंदराला' मुलं सहज लिहितात, घरी 'हुंदराक' म्हणतातच ना! बेडूक घरी 'बेबो', म्हणून तो अडतो. नियम घोकण्यापेक्षा 'बेडूकला' तीनदा मोठ्यानं म्हणावं, जिभेलाच खटकतं.

तास संपताना एक मुलगी फळ्यावर स्वतःचं वाक्य लिहिते.

खार म्हणते टीचर हुशार आहे

वर्ग हसतो. बाई विचारतात, "हुशार कोण गं? खार की मी?"

मुलगी क्षणभर थांबते. स्वल्पविराम देत नाही. 'आहे'च्या पुढे नुसता एक 'त' लिहिते.