क्रिस्टल आले का?

(दृश्य: खारघरचे डोंगर, पायथ्याशी अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेचं आवार)

टाटा स्मारक केंद्राच्या या आवारात कर्करोगाचे रुग्ण रोज येतात. इथल्याच प्रयोगशाळांत प्रथिनांची रचना शोधली जाते. त्यातलं एक बीआरसीए-१. त्यात बिघाड झाला, की स्तनांच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

१८६३ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, ही साखळी. १७७५ व्या जागी मेथिओनिन असतं. काही जणींमध्ये तिथे आर्जिनिन येतं. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? ते कळायला अणू कुठे आहेत ते दिसायला हवं. दृश्य प्रकाश त्यासाठी फारच जाडाभरडा. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र अणूंमधल्या अंतराएवढी, सुमारे ०.१ नॅनोमीटर. पण एकट्या रेणूकडून येणारा संकेत अगदी क्षीण. म्हणून अब्जावधी रेणू एका शिस्तीत रचलेले लागतात, म्हणजेच स्फटिक किंवा क्रिस्टल.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली थेंब)

खरी कसोटी इथे. शुद्ध प्रथिनाचा एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब काचेवर उलटा टांगायचा. खालच्या खळग्यात अमोनियम सल्फेटसारख्या क्षाराचं तीव्र द्रावण. थेंबातलं पाणी हळूहळू उडून खाली जातं, प्रथिन दाटत जातं. मग वाट पाहायची. बहुतेक थेंबांत नुसता साका बसतो. कधी सुरेख क्रिस्टल येतात आणि ते निघतात मिठाचे! ही निराशा ज्याने सोसली, त्यालाच खऱ्या क्रिस्टलचं मोल कळतं. तोही नाजूक, जवळपास निम्मा पाण्याचा. म्हणून तो उणे १७३ अंशांच्या थंड झोतात ठेवून त्यावर क्ष-किरण सोडतात. अधिक प्रखर किरण हवे असतील, तर इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, खास बीमलाइन (किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे.

(दृश्य: डिटेक्टरवरचे ठिपके)

क्रिस्टलमधून विखुरलेल्या किरणांच्या या ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, लहरींची कला (लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) मात्र हरवते. शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये हिमोग्लोबिनला पाऱ्याचे अणू जोडून ती शोधण्याची वाट दाखवली. आज बहुतेकदा आधी माहीत असलेल्या सारख्या रचनेचा आधार घेतात.

(दृश्य: पडद्यावर फिरणारी रचना)

१७७५ चं उत्तर असंच मिळालं. बदललेल्या प्रथिनाच्या त्या भागाची रचना २००३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. जोडीदार प्रथिन जिथे अडकतं, त्याच खाचेत लांबट आर्जिनिन आडवं येतं. पकड सुटते, डीएनएची दुरुस्ती अडते.

जनुकीय चाचणीच्या अहवालात आजही अनेक बदलांपुढे ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा असतो. असा अहवाल हाती आलेल्या बाईला आणि तिच्या मुलींना त्याचं उत्तर हवं असतं.