फाटकावरचे चार सोमवार

मित्रहो, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून माझ्याकडे येणारे कामगार अपघाताची हकीकत दोन वाक्यांत आटोपतात. बोलतात ते बरे होऊन कामावर गेल्यानंतर फाटकावर काय घडले त्याविषयी. पॉवर प्रेसवर तर्जनीचे टोकाचे पेर गमावलेला एक गृहस्थ डॉक्टरांचा फिटनेस दाखला घेऊन हजर झाला, तेव्हा वॉचमनने सांगितले, ‘साहेब नाहीत, सोमवारी या.’ असे चार सोमवार गेले आणि मग घरी रजिस्टर पत्र आले, की आपण विनापरवाना गैरहजर आहात.

पैशांबाबत कायदा बराच स्पष्ट आहे. ई.एस.आय. म्हणजे कामगार राज्य विमा लागू असेल, तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते; कायमच्या अपंगत्वाचा मासिक लाभ तर हयातभर चालू राहतो आणि कामावर रुजू झाल्याने तो थांबत नाही. ई.एस.आय. नसेल, तर भरपाईची जबाबदारी मालकाची. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीच्या एका पेराला ९ टक्के, पूर्ण तर्जनीला १४ आणि अंगठ्याला ३० टक्के कमाईक्षमतेची हानी धरली आहे. हा विषय २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. भरपाई घेतली म्हणजे नोकरी सोडली, असे मात्र कोणत्याच कायद्यात नाही, आणि तरीही चेकबरोबर राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला जातो.

नोकरीच्या प्रश्नावर मात्र कायदा सर्वांना सारखा वागवत नाही. सेवेत असताना अपंगत्व आले, तर सरकारी आस्थापनेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला इतकी थेट हमी नाही. शिवाय दीर्घ आजारपणामुळे केलेली सेवासमाप्ती कायद्याच्या भाषेत ‘कपात’ (रिट्रेंचमेंट) ठरत नसल्याने व्यवस्थापनाला ‘मेडिकल ग्राउंड’ हा शब्द फार सोयीचा वाटतो. गेलेले पेर म्हणजे आजारपण नव्हे, हा माझा युक्तिवाद असतो आणि फिटनेस दाखला त्याचा आधार.

म्हणून हजर होण्याच्या पहिल्याच दिवशी दाखल्याच्या प्रतीसह अर्ज द्यावा, तपासणी किंवा स्टोअर असे जमणारे काम त्यात नाव घेऊन मागावे आणि पोच नाकारली, तर त्याच संध्याकाळी तो स्पीड पोस्टाने पाठवावा. कामगार फाटकावर आल्याची एकमेव नोंद वॉचमनच्या वहीत असते, आणि ती वही कोणाच्या कपाटात असते हे वेगळे सांगायला नको.

त्या गृहस्थाने अर्ज दिला नव्हता. पण दाखल्याच्या पाकिटात त्याने त्या चार सोमवारांची केएमटीची, म्हणजे शहर बसची, तिकिटे जपून ठेवली होती; गैरहजेरीच्या पत्राला उत्तर देताना आम्ही तीच जोडली.