ग्रेड दोनची गाठ

सूक्ष्मदर्शकाखालच्या या काचपट्टीवर जांभळ्या-गुलाबी रंगात झालरीसारखी जी दिसते आहे, ती मूत्राशयातील अगदी सुरुवातीची गाठ आहे. तिच्या प्रत्येक बोटाच्या मधोमध रक्तवाहिनीचा बारीक दांडा आहे आणि त्याभोवती पेशींचे थर आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निदान होते तेव्हा असेच वरवरचे असतात, स्नायूपर्यंत पोहोचलेले नसतात. गाठ दुर्बिणीतून खरवडून काढल्यावर रुग्णाचे दोन प्रश्न उरतात: ती पुन्हा येईल का, आणि आली तर स्नायूत शिरेल का? हे प्रश्न एकच वाटतात, पण तसे नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1973च्या पद्धतीत तीन ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात याच्या पायऱ्या, होते: एक सर्वांत सौम्य, तीन सर्वांत आक्रमक. अडचण मधल्याची होती. ज्या गाठीबद्दल ठामपणे सांगणे कठीण, ती ग्रेड दोनमध्ये जाई आणि एकाच नावाखाली सौम्य व आक्रमक अशा दोन्ही गाठी नांदत. 2004च्या पद्धतीने हा मधला कप्पाच मोडला आणि ‘लो ग्रेड’ व ‘हाय ग्रेड’ अशी विभागणी केली. लो ग्रेडमध्ये पेशींची रांग बहुतांशी शाबूत असते; हाय ग्रेडमध्ये ती विस्कटते, केंद्रके लहानमोठी व गडद होतात आणि विभाजन पावणाऱ्या पेशी वरच्या थरांतही सापडतात. अर्थात, सीमेवरच्या गाठीबाबत दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे आजही एकमत होतेच असे नाही.

2006 साली युरोपातील सात उपचार-चाचण्यांमधील 2,596 रुग्णांच्या नोंदींवरून एक गुणतक्ता प्रसिद्ध झाला; त्यात ग्रेड 1973च्या जुन्या पद्धतीचेच होते, आणि जितके गुण जास्त तितका धोका जास्त. गाठ पुन्हा येण्याच्या अंदाजात सर्वाधिक गुण गाठींच्या संख्येला आहेत, ग्रेडचा वाटा किरकोळ आहे. रोग बळावण्याच्या, म्हणजे स्नायूत शिरण्याच्या, अंदाजात मात्र ग्रेड तीनला पाच गुण मिळतात, आणि त्या बदनाम ग्रेड दोनला, ग्रेड एकप्रमाणेच, शून्य. पाच वर्षांत रोग बळावण्याची शक्यता सर्वांत कमी गुणांच्या गटात 0.8 टक्के, तर सर्वांत वरच्या गटात 45 टक्के निघाली. यातील फारच थोड्या रुग्णांना बीसीजीचे (क्षयरोगाची लस मूत्राशयात सोडण्याचे) उपचार मिळाले होते, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

हे सारे गणित खरवडून काढलेल्या तुकड्यांवर उभे असते. हाय ग्रेड गाठ अस्तराखालच्या, स्नायूच्या अलीकडच्या थरात शिरलेली असेल आणि ‘नमुन्यात स्नायू आढळला नाही’ असे अहवालात लिहिलेले असेल, तर ती स्नायूत पोहोचली आहे की नाही हे कळतच नाही; मग गुण मोजत न बसता रुग्णाला दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले जाते.