स्किप केलेल्या ओळी कुठे जातात?

रात्री पावणेदोनला फोन. मायएसक्यूएल डेटाबेसची रेप्लिका, म्हणजे मूळ सर्व्हरची (प्रायमरीची) सतत अद्ययावत होणारी नक्कल, थांबलीय. डोळे चोळत लॅपटॉप उघडला, स्टेटस बघितला: एरर १०६२, डुप्लिकेट एंट्री. स्किप काउंटर (किती नोंदी सोडून द्यायच्या तो आकडा) एकवर सेट केला, रेप्लिका सुरू केली, लॅग, म्हणजे प्रायमरीच्या मागे पडलेला वेळ, भराभर उतरत शून्यावर आला, झोपलो. दहा वर्षं झाली असतील. त्या रात्री मी स्वतःवर भलताच खूश होतो. पुढच्या तीन आठवड्यांत तसेच बरेच फोन आले, आणि दर वेळी मी तेच केलं. महिनाअखेरीस अकाउंट्समधल्या ताईंनी विचारलं, "अहो, रिपोर्टमधली बेरीज आणि स्क्रीनवरची बेरीज वेगळी का येतेय?" रिपोर्ट रेप्लिकावरून निघत होते.

मायएसक्यूएलचं रेप्लिकेशन म्हणजे जुन्या पेढीवरची कीर्द आणि खतावणी. प्रायमरी प्रत्येक बदल घडल्या क्रमाने बायनरी लॉगमध्ये लिहिते, ती कीर्द. रेप्लिकाचा एक थ्रेड तिची नक्कल आणून रिले लॉगमध्ये ठेवतो, दुसरा थ्रेड ती वाचून आपल्या खात्यांत नोंदी करतो. लॅग शून्य याचा अर्थ एवढाच की आणलेली कीर्द खतावून झाली. दोन्हीकडची शिल्लक जुळते का, हे तो आकडा सांगतच नाही.

आता त्या रात्रीचं बघा. आमच्यातल्याच एकाने टेस्टिंग म्हणून चुकून थेट रेप्लिकावर एक ऑर्डर टाकली होती. तिला नंबर मिळाला, समजा ५०१. प्रायमरीला याचा पत्ताच नाही, तिने पुढच्या खऱ्या गिऱ्हाइकाला तोच ५०१ दिला. ती नोंद रेप्लिकावर आली तर जागा भरलेली. १०६२. मी स्किप केलं. स्किप म्हणजे एक ओळ सोडणं असं मला वाटायचं, पण सुटतं ते अख्खं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र नोंदलेल्या बदलांचा गठ्ठा. ऑर्डरीबरोबर तिच्या चार आयटमच्या ओळीही गेल्या. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाने एक आयटम रद्द केला. प्रायमरी म्हणाली ही ओळ बदल, रेप्लिकात ती ओळच नाही: एरर १०३२. पुन्हा स्किप. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये परताव्याची नोंद होती, तीही गेली. म्हणजे पुढच्या एररची सोय मीच करून ठेवत होतो. जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मिळणारा स्वतंत्र नंबर) चालू असेल तर स्किप काउंटर चालत नाही, त्या नंबरचं रिकामं ट्रान्झॅक्शन घालावं लागतं. तीच चूक, फक्त जास्त टायपिंग करून.

थांबलेली रेप्लिका मला म्हणूनच आवडते, ती निदान बोंब तरी मारते. स्टेटमेंट पद्धतीच्या लॉगिंगमध्ये (लॉगमध्ये बदललेल्या ओळींऐवजी क्वेरीच लिहिली जाते) तेवढंही नशिबात नसतं. नसलेल्या ओळीवर अपडेट चाललं की शून्य ओळी बदलतात आणि सगळं मुकाट पुढे जातं. मायएसक्यूएल ५.७.७पासून रो फॉरमॅट (बदललेल्या ओळीच लिहिणारा) डीफॉल्ट झाला, ते बरं झालं.

मग फरक शोधायचा कसा? दोन्हीकडे टेबल मोजून भागत नाही, कारण मोजेपर्यंत प्रायमरी पुढे गेलेली असते. पर्कोना टूलकिट या साधनसंचातल्या पीटी-टेबल-चेकसमची युक्ती मला आजही फार देखणी वाटते. ते टेबलाचे छोटे चंक (तुकडे) पाडतं, साधारण अर्ध्या सेकंदात उरकतील एवढे, आणि प्रत्येक चंकचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून टेबलात टाकणारी क्वेरी प्रायमरीवर चालवतं. आपल्या सेशनपुरता लॉग ते स्टेटमेंट फॉरमॅटला नेतं. त्यामुळे कीर्दीत उत्तर जात नाही, गणितच जातं. रेप्लिका कितीही मागे असो, ती क्वेरी तिच्याकडे क्रमानेच पोचते आणि नेमक्या त्याच क्षणाच्या डेटावर चालते. मग दोन आकडे शेजारी ठेवायचे. आमच्याकडे चाळीसेक चंक जुळले नाहीत, बहुतेक ऑर्डर आणि परताव्याचे.

दुरुस्ती पीटी-टेबल-सिंकने. इथे नवखे गोंधळतात, कारण बिघाड खाली आणि हे हत्यार लिहितं वर. प्रायमरीत आहे तीच ओळ ते प्रायमरीवरच रिप्लेस करतं. वर काही बदलत नाही, खाली बरोबर ओळ पोचते. रेप्लिकावर हाताने लिहायला गेलात तर मूळ पाप पुन्हा केलंत. पण रिप्लेस म्हणजे आधी डिलीट, मग इन्सर्ट. टेबलावर कॅस्केडवाली फॉरेन की (मूळ ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून ओळीही पुसणारी) असेल तर प्रायमरीवरच्या पोरओळी उडतील. म्हणून आधी प्रिंट (क्वेरी नुसत्या दाखवणं), ते डोळ्यांखालून घाला, मगच एक्झिक्यूट. आणि त्याच दिवशी रेप्लिकावर सुपर-रीड-ओन्ली लावा. साधं रीड-ओन्ली सुपर अधिकारवाल्याला अडवत नाही, आणि आमचा टेस्टिंगवाला तोच होता.

फरक फार असेल, किंवा १२३६ एरर येऊन हवा असलेला बिनलॉग (बायनरी लॉग) प्रायमरीने पुसलाय असं कळलं, तर डागडुजीत वेळ घालवू नका. मायएसक्यूएल ८.०मध्ये डीफॉल्ट ३० दिवसांचे लॉग राहतात, पण डिस्क भरतेय म्हणून कुणीतरी ते दोनवर आणलेले असतातच. अशा वेळी एक्स्ट्राबॅकअप या बॅकअपच्या साधनाने नवी प्रत घ्या. ८.०.१७पासून सर्व्हरची प्रत काढणारं क्लोन प्लगइनही आहे.

नव्याने उभारतानाच हात सर्वांत जास्त थरथरायला हवा. ३१ जानेवारी २०१७. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा पोस्टग्रेसचा (दुसऱ्या एका डेटाबेसचा) दुय्यम सर्व्हर मागे पडला, त्याला लागणारे वॉल सेगमेंट (पोस्टग्रेसची कीर्द) प्रायमरीवरून पुसले गेले होते. नवी प्रत घ्यायला पीजी-बेसबॅकअप लावलं, ते काही न बोलता बसून राहिलं. प्रत्यक्षात ते प्रायमरीची वाट बघत होतं. इंजिनिअरला वाटलं, जुनी डेटा डिरेक्टरी आड येतेय. त्याने ती पुसली, पण प्रायमरीवरची. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीतले साडेचार उरले होते. रोजचा पीजी-डंप, म्हणजे बॅकअप? ९.६च्या डेटाबेसवर ९.२चा डंप चालत होता, म्हणजे चालतच नव्हता. सुमारे सहा तासांपूर्वी काढलेला एक एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) कामी आला, मधल्या सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय.

ते वाचल्यापासून आमच्याकडे प्रायमरीचा प्रॉम्प्ट लाल आहे. रेप्लिका नव्याने उभारताना मी जुनी डिरेक्टरी पुसत नाही, नाव बदलून बाजूला ठेवतो. नवी प्रत जोडली गेली, चेकसम जुळले, की दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर पुसतो.